आईसाठी गेटअवेला पायऱ्या बसवल्या, त्याचा सगळा अनुभव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी-मारेगाव भागात उंच गाडी ठेवणं हा शौक नाही, गरज आहे. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती अशी चिकटते की टायर आणि मडगार्डच्या मधली जागाच भरून जाते, कार तर सोडाच, ट्रॅक्टरची ट्रॉलीही कधी कधी मधातच बसते. म्हणून आम्ही सेकंडहँड स्कॉर्पिओ गेटअवे घेतली, म्हणजे महिंद्राची पिकअप, डबल कॅबिन, फोर बाय फोर, मागं पाटे (लीफ स्प्रिंग). खत, बियाणं, फवारणीचे पंप, वेचलेल्या कापसाचे गाठोडे, सगळं तिच्यावरच चालते आणि गाडी म्हणून माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही. प्रश्न एकच होता, आईला तिच्यात चढता येत नव्हतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली, त्यातल्या उजव्याचं ऑपरेशन होऊन वाटी बदललेली, आणि वर नऊवारी लुगडं. पण वावरात जाणं ती सोडणार नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि तिनं सोडावं असं मलाही वाटत नाही.

सुरुवातीला आम्ही तेच केलं जे सगळे करतात, प्लास्टिकचं स्टूल गाडीत टाकून फिरायचो. अंगणात ठीक चालते, पण वावरात ओल्या मातीत स्टूलचा एक पाय रुतला की ते तिरपं होते, आणि आई बसल्यावर ते उचलून मागं टाकायला कोणीतरी खाली पाहिजेच. म्हणजे आईला एकटीनं उतरायचं झालं तर नाहीच. तिला हेच जास्त लागत होतं. एकदा बायकोनं आणि मी दोन्हीकडून धरून तिला वर घेतलं तर बसल्या बसल्या म्हणाली, "मले असं पोत्यासारखं उचलून गिचलून टाकाचं नाही, सांगून देते. माह्या हातानं चढता आलं त येईन, नाही त तुमची गाडी तुम्हाले लखलाभ." त्या दिवशीच ठरवलं की आता याचं काहीतरी पक्कं करायचं.

सल्ले भरपूर मिळाले. गाडी विकून टाका, छोटी कार घ्या (पांदणीतून न्या मग!), टायर छोटे टाका. टायरचं तेवढं मी हिशोब करून पाहिलं, कारण मागच्या मालकानं २६५/७५ आर१६ टाकले होते आणि ते तसेही घासलेलेच होते. टायरवर लिहिलेल्या आकड्यांवरून पूर्ण उंची काढता येते, रुंदीचे पंचाहत्तर टक्के दोनदा आणि त्यात रिमचे १६ इंच मिळवायचे. २६५ वाल्याची उंची येते ८०४ मिलिमीटर, २४५/७५ आर१६ ची ७७४. फरक ३० मिलिमीटरचा, पण गाडी खाली येते त्याच्या अर्धीच, कारण चाकाचा मधला भाग जमिनीपासून अर्ध्या व्यासावर असतो. म्हणजे दीड सेंटीमीटर. नवीन टायर २४५ चेच घेतले कारण घ्यायचेच होते, पण दीड सेंटीमीटरनं कोणाचा गुडघा सुटत नाही.

गाडीला साइडला पाईप होताच, गोल, चकचकीत, अडीच इंची. दिसायला भारी. पण पाय ठेवायला त्याचा काही उपयोग नाही हे मी आता खात्रीनं सांगतो, कारण गोल पाईपवर पायाचा मधला कमानीचा भागच टेकतो, टाच हवेत, आणि चपलेला चिखल असला की ती सरळ पुढं सटकते. तरण्या माणसाला कळत नाही कारण तो पाईपवर पाय ठेवून थांबतच नाही, उडीच मारतो. म्हाताऱ्या माणसाला तिथं उभं राहून श्वास घ्यायचा असतो.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमना मी या गाडीचा फोटो दाखवला होता आणि त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. एक, चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. हे घरच्या जिन्यालाही लागू आहे, ज्यांच्या घरी गुडघ्याचा पेशंट आहे त्यांनी पाठच करून ठेवा. दुसरी, गाडीत पाय आधी घालायचाच नाही. सीटकडे पाठ करायची, आधी बसायचं, मग दोन्ही पाय वळवून आत घ्यायचे. कारमध्ये हे सोपं आहे कारण सीट कमरेच्या खाली असते. आमच्या गाडीत सीटच जमिनीपासून ३६ इंच, तिथं पाठ करून बसणार कसं?

मग मी टेप घेऊन बसलो. जमिनीपासून कॅबिनचा तळ २३ इंच, सीटची कड ३६ इंच. घरातली साधी खुर्ची असते १८-२० इंचाच्या आसपास. म्हणजे जमिनीपासून १६ इंचांवर एक चांगली रुंद पायरी केली, तर तिथं उभ्या माणसासाठी सीट राहते २० इंच उंच, अगदी खुर्चीएवढी. म्हणजे आईला कॅबिनच्या तळावर पाय ठेवून वर चढायची गरजच नाही! १६ इंचांवर यायचं, वळायचं, बसायचं. हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच लय आनंद झाला कारण आतापर्यंत आम्ही सगळे २३ इंच कसे चढायचे याचाच विचार करून राहिलो होतो.

आता १६ इंच कसे चढायचे. इथं मी लोखंड विकत घ्यायच्या आधी विटा वापरल्या आणि कोणी असं काम करत असेल तर त्यानं हे नक्की करावं. फ्लाय अॅशच्या विटा घरामागं पडल्याच होत्या, एक वीट तीन इंच जाडीची. अंगणात भिंतीजवळ, जिथं हाताला खिडकीचा गज धरता येईल तिथं, विटांची पायरी रचली आणि आईला चढायला लावलं. दोन विटा, सहा इंच, काहीच नाही. तीन विटा, नऊ इंच, चढली, पण गज धरून. चार विटांवर तिनं डावा पाय ठेवला, डाव्या हातात गज होताच, उजव्या हातानं निऱ्या वर ओढल्या आणि तशीच थांबली. हात गजावर इतका आवळलेला की बोटांची पेरं पांढरी पडली होती. बोलली काहीच नाही पण मला आकडा मिळाला. बारा नाही, नऊ. आणि लुगड्याचंही तेव्हाच कळलं, नऊवारीत पाय एका मर्यादेच्या वर गेला की काष्टा ताणतो, मग एका हातानं लुगडं सावरावं लागते आणि आधाराचा एक हात कमी होतो. पायरी ठेंगणी असली की दोन्ही हात मोकळे राहतात. घराच्या जिन्याला नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर धरली आहे, म्हणजे साडेसात इंच, ते उगाच नाही.

तर हिशोब असा झाला, जमिनीपासून ९ इंचांवर पहिली पायरी, तिच्यावर ७ इंचांनी दुसरी, म्हणजे १६, आणि तिथून सीट.

आता खरा घोळ. नऊ इंचांवर लोखंडी पायरी घट्ट बसवली तर ती पांदणीत टिकणार नाही. दोन चाकांच्या मधोमध गाडीचं पोट असते, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, गाडी काढताना पुढची चाकं पलीकडं उतरली की तोच भाग टेकतो, आणि पऱ्हाटी (कपाशीची झाडं) कापल्यावर जे खुंट उरतात ते तर लोखंडाला ओढूनच नेतात. पायरी वाकली तर वाकली, पण तिच्यासोबत चेसीसवरचं ब्रॅकेटही वाकून येईल. बाजारात मोटरवर उघडणाऱ्या फोल्डिंग स्टेप मिळतात, दार उघडलं की खाली येतात, बंद केलं की वर जातात, शहरात छानच असतील, पण आमची माती त्या सांध्यांमध्ये वाळून बसली की मोटर काय करणार. मी तो विचार लगेच सोडला.

याचं उत्तर वणीतल्या वेल्डिंगच्या मिस्तरीनं काढलं. वणी म्हणजे कोळशाचा पट्टा, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स) खाणी चारही बाजूला, आणि या मिस्तरीचं निम्मं आयुष्य टिप्पर आणि लोडरच्या कामात गेलेलं. त्यानं सांगितलं की खाणीतल्या मोठ्या मशीनला सगळ्यात खालची पायरी लोखंडानं जोडतच नाहीत, ती रबरावर नाहीतर वायररोपवर लटकवलेली असते, दगडाला लागली की मागं झुकते आणि परत जागेवर येते. आणि रबर म्हणजे काय तर कन्व्हेयर बेल्टचा तुकडा, आमच्याकडे भंगारात सहज मिळतो, आत कापडाचे थर असतात त्यामुळे तो वाकतो पण ताणला जात नाही. मी म्हटलं मग लटकती पायरी झोक्यासारखी हलणार, आई पाय ठेवणार आणि पायरी गाडीखाली पळणार. त्यावर त्यानं बेल्टचा तुकडा हातात घेऊन दाखवलं. "हे पहा भाऊ, पट्टा कोण्या बाजूनं वाकते? चपट्या बाजूनं. धारेच्या बाजूनं वाकते काय? नाही वाकत. मंग पट्ट्याचं तोंड गाडीच्या पुढच्या अंगाले करा. धुऱ्याले लागला त मागं झुकन, पण बाईनं पाय देल्ला त आतमंदी नाही जात." मी तो तुकडा हातात घेऊन दोन्हीकडून वाकवून पाहिला, चार इंच रुंद पट्टा आडवा वाकतच नाही. एवढी साधी गोष्ट आणि सगळी पायरी त्याच्यावर उभी आहे.

बांधणी थोडक्यात सांगतो. वरची पायरी म्हणजे ४० बाय ४० चा तीन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाईप, त्याची चौकट, आठ इंच खोल आणि दाराच्या पूर्ण लांबीची. आठ इंच कशासाठी, तर आईला तिच्यावर पाय फिरवून वळायचं आहे, पाच-सहा इंचांत टाच बाहेर राहते. हा पाईप मीटरला साधारण साडेतीन किलो भरतो, त्यामुळे फार वजन वाढत नाही. चेसीसवर वेल्डिंग अजिबात केलं नाही, भोकंही नाही पाडली. सहा मिलिमीटर पत्र्याचे ब्रॅकेट चेसीसला क्लॅम्पनं आवळले, एका बाजूला तीन, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असते, लवकर ढिले होत नाहीत) लावून. चेसीसवर वेल्डिंग मारलं की त्या जागेचं लोखंड तापून त्याची ताकद बदलते आणि क्रॅक पुढं तिथूनच चालू होतो, हे पिकअपवाल्यांनी तरी लक्षात ठेवावं कारण आपण मागं वजन टाकतो. बाकीचं वेल्डिंग सगळं गाडीपासून दूर, जमिनीवर. गाडीला धरूनच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीच्या वायरी आधी काढायच्या, नाहीतर अल्टरनेटर आणि कॉम्प्युटर दोन्हीला धोका.

खालची पायरी फक्त डाव्या बाजूच्या पुढच्या दाराला, आई तिथंच बसते. तीही दाराच्या मधोमध नाही, थोडी मागं, सीटच्या समोर. कारण आईला पाय ठेवायच्या जागेसमोर नाही तर सीटसमोर उभं राहायचं आहे. आणि ती वरच्या पायरीपेक्षा दोन इंच बाहेर काढली, अगदी एकाखाली एक ठेवल्या तर वरची पायरी नडगीला लागते. तरी ती आरशाच्या आत आणि टायरच्या रेषेतच राहील हे पाहिलं.

वर काय टाकायचं यावर मिस्तरीचं आणि माझं थोडं वाजलं. तो म्हणे चेकर प्लेट टाका, सगळे तेच टाकतात. मला जाळी पाहिजे होती, एक्सपांडेड मेटल म्हणतात ती, पत्रा चिरून ताणलेली, हिऱ्याच्या आकाराची भोकं असलेली. चेकर प्लेटवरच्या उठावांच्या मधात आपली माती भरली की वर गुळगुळीत लेप तयार होतो आणि मग ती साध्या पत्र्यापेक्षा वाईट. जाळीतून माती खाली पडते, पडली नाही तरी पाय घासला की निघते, आणि कडा धरतात. जाळीच टाकली. पावसाळ्यात ज्यांना शेतात जायचं त्यांनी दुसरं काही टाकूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. अनवाणी पायाला मात्र जाळी टोचते, म्हणून कडेला ग्राइंडर मारून घ्या.

आता हँडल. लोक पायरीवर पैसे घालतात आणि हँडल विसरतात, पण मला विचाराल तर निम्मं काम हँडलचं आहे. छताला जे हँडल असते ते बसलेल्या माणसानं धक्क्यात धरायचं, जमिनीवरून ते धरायचं म्हटलं तर हात डोक्याच्या वर जातो आणि तिथून जोर लागत नाही. मग माणूस काय धरतो? दार. आणि दार बिजागरीवर फिरते, गाडी थोडी उतारावर असली की दार तुमच्यासकट पुढं जाते. किंवा सीटबेल्ट धरतो, तो सरसर बाहेर येतो. आम्ही पुढच्या खांबाला आतून, आईच्या कमरेपासून खांद्यापर्यंत पुरेल असं उभं लांब हँडल लावलं, जाड रबरी ग्रिपवालं, पत्र्याच्या मागून प्लेट देऊन बोल्ट मारले. ज्या नव्या गाड्यांना कर्टन एअरबॅग असतात त्यांच्या खांबाला मात्र हात लावू नका, त्या प्लास्टिकच्या मागं आणि छताच्या कडेला एअरबॅग घडी करून ठेवलेली असते, तिथं ड्रिल मारणं म्हणजे संकट ओढवून घेणं. आमच्या गाडीत तो प्रकार नाही. दुसऱ्या हातासाठी सीटच्या हेडरेस्टच्या दोन्ही दांड्यांना नायलॉनचा जाड पट्टा गुंडाळून त्याची मूठ काढली. बास, दोन हातांना दोन जागा.

खाणीतल्या ड्रायव्हरला शिकवतात तोच नियम आईला शिकवला, चारपैकी तीन कायम टेकलेले पाहिजेत, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात. आणि उतरताना तोंड गाडीकडंच. आई आता अशी चढते, दोन्ही हात धरून डावा पाय खालच्या पायरीवर, उजवा त्याच्याजवळ, मग डावा वर, उजवा वर, मग हळूहळू वळते, उजव्या हातात खांबाचं हँडल येते, आणि मागं टेकून बसते. नंतर पाय आत. इथं एक युक्ती मॅडमनीच सांगितलेली, सीटवर प्लास्टिकची पिशवी टाकायची, तिच्यावरून अंग अलगद फिरते, गुडघ्याला पीळ बसत नाही. फिरून झालं की पिशवी ओढून घ्यायची, नाहीतर ब्रेक मारल्यावर माणूस पुढं घसरतो.

पहिल्यांदा बसली तेव्हा मी सवयीनं हात पुढं केला तर म्हणाली, "सरक तिकडं, मले पाहू दे." मी सरकलो.

वापरताना दोन बदल केले. बेल्टची पायरी पाय पडल्यावर थोडी पुढं-मागं हलायची, आई दचकायची, म्हणून बेल्ट दुहेरी केला आणि त्याची मोकळी लांबी कमी केली, आता हलणं नावालाच राहिलं. आणि पायरीखाली एक छोटा बारा व्होल्टचा लाइट, दाराच्या स्विचवर, कारण आमच्याकडे संध्याकाळी वावरात लाइन असेलच असं नाही. धुऱ्यावर ती पायरी मस्तपैकी झुकून परत येते, एका खुंटावर चांगली आपटली तरी बेल्टला ओरखडा आणि वर काही नाही. दर वखताला वावरातून आल्यावर पाण्याचा फवारा मारतो आणि नट अधूनमधून तपासतो, नवीन काम आहे तोवर नट बसतात आणि ढिले होतात.

कायद्याचं विचारणारे विचारतील म्हणून सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकात जे लिहिलं आहे ते कंपनीनं बनवल्यापेक्षा वेगळं होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. म्हणून चेसीस कापणं, बॉडी रुंद करणं या भानगडीत आम्ही पडलोच नाही. सगळं नटबोल्टवर, काढायचं म्हटलं तर पान्यानं निघते, आणि बाजूला टोकदार काही बाहेर येत नाही. पुढच्या बुलबारचा मोह पण टाळा, त्यावर केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरमध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे.

खर्च मजुरीसकट सात हजारांच्या आत झाला, त्यात जास्त पैसे लोखंडाचे आणि जाळीचे, बेल्ट जवळपास फुकटच. गावातले एक काकाजी, त्यांचाही खुबा दुखतो, पाहून गेले आणि त्यांच्या मुलाच्या बोलेरो कॅम्परला असंच करून द्या म्हणाले. मी त्यांना म्हटलं, करू, पण आमच्या गाडीचे आकडे घेऊन जाऊ नका. कॅम्पर आमच्या गाडीपेक्षा ठेंगणी आहे आणि तुम्ही आईपेक्षा उंच आहात, आणि तुमचा खुबा दुखते, गुडघा नाही. आधी तुमच्या अंगणात विटा रचू, तुम्ही चढून दाखवा, मग मिस्तरीकडं जाऊ. रविवारी जायचं ठरलं आहे, विटा मीच गाडीत टाकून नेणार.